बिझनेसची पुस्तकं जरा बाजूला ठेवा! माझ्या दुकानाला उपयोगी पडलेली ५ भलतीच पुस्तकं



परवा बॅच संपल्यावर एक जण थांबला. मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान आहे त्याचं. म्हणाला, "सर, बिझनेसची टॉप टेन पुस्तकं सांगा ना. या वर्षी दहाच्या दहा वाचून काढतो."

मी विचारलं, "मागच्या वर्षी किती वाचली?"

"सात."

"त्यातलं दुकानात किती उतरलं?"

हसला बिचारा. मीही हसलो, कारण मी पण त्यातलाच. बीबीए करताना मार्केटिंगची जाडजूड पुस्तकं वाचली, मग दुकानात बसायला लागल्यावर 'रिच डॅड पुअर डॅड' दोनदा वाचलं. त्या पुस्तकांना नावं ठेवत नाही मी. सुरुवातीला त्यांनी धीर दिला. पण पाचव्या-सहाव्या पुस्तकानंतर तेच ते यायला लागलं. ध्येय ठेवा, पहाटे उठा, मोठा विचार करा. अहो, पहाटे तर आपण उठतोच, दूधवाला थांबत नाही! आपला प्रश्न वेगळा असतो. एक शटर, चार माणसं, उधारीची वही आणि घरचीच माणसं पार्टनर.

म्हणून आज स्पष्ट मत मांडतो. पटलं तर घ्या. दुकानदाराने वर्षातून बिझनेसचं एक पुस्तक वाचावं आणि बाकीची सगळी भलत्याच विषयांची वाचावीत. बिझनेसच्या पुस्तकात उत्तर तयार असतं, त्यामुळे आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. भलत्या पुस्तकात कोणीतरी माणूस स्वतःच्या कामात अडकलेला दिसतो. तिथे आपणच ओळखतो, "अरे, हे तर माझ्या दुकानात पण चाललंय." आणि जे आपण स्वतः ओळखलं, तेच हातून घडतं.

माझ्या दुकानात खरोखर काहीतरी बदलून गेलेली ही ५ पुस्तकं.

१. रुचिरा (विषय: स्वयंपाक)

कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. तुमच्याही घरात असेल, पानांवर तेलाचे डाग पडलेलं. आमच्या घरात होतं, पण मी कधी उघडलं नव्हतं.

आमचं किराणा दुकान सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावात. दुकानाची ओळख म्हणजे आईचा कांदा-लसूण मसाला. २०१८ मध्ये आई पाय घसरून पडली आणि उजवा हात मनगटात मोडला. सीझन तोंडावर. कामाच्या दोन मावश्यांनी "बघून बघून येतंय की आम्हाला" म्हणत एक बॅच केली. २२ किलो. पंधरा दिवसांत निम्मा माल परत आला. कोणी भांडलं नाही, तेच जास्त लागलं. जुन्या गिऱ्हाईक काकू एवढंच म्हणाल्या, "या वेळचा आईंच्या हातचा नाही वाटत."

त्या आठवड्यात घरात जेवण मीच करत होतो, म्हणून 'रुचिरा' उघडलं. आणि भाजीपेक्षा मापाकडेच बघत बसलो. सगळी मापं वाटी आणि चमच्याची. तोपर्यंत आपल्याकडे स्वयंपाक म्हणजे "अंदाजाने घाल", "चवीपुरतं घाल". चौथीपर्यंत शिकलेल्या बाईंनी तो अंदाज मोजून कागदावर आणला, आणि ज्या मुलीला शिकवायला घरात कोणी नाही तिलाही स्वयंपाक जमायला लागला. आपण ज्याला एसओपी म्हणून मिरवतो ना, तीच ही गोष्ट. फक्त ती ओट्यापाशी झाली.

मग मी काटा घेऊन आईसमोर बसलो. एकेक जिन्नस तिने मुठीत घ्यायचा आणि काट्यावर ठेवायचा. उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे डाव्या हाताची मूठ. ती म्हणायची, "उजवी मोठी असते, जरा वाढव." प्लास्टर निघाल्यावर सगळं परत मोजलं. धने, तीळ, खोबरं, खसखस, दगडफूल, प्रत्येक मूठ पाच वेळा, आणि सरासरी. कागद लॅमिनेट करून भिंतीवर लावला.

पण गोष्ट इथे संपली नाही, आणि हे कुठल्याच बिझनेसच्या पुस्तकात मला मिळालं नव्हतं. कागद बघून आई खूश होईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे आता माझं काम संपलं." आणि दोन दिवस दुकानात आलीच नाही.

मला समजायला वेळ लागला. तीस वर्षं जो मान तिच्या हातात होता, तो मी भिंतीवर टांगला होता. मी कागदात एक ओळ वाढवली: आईने चव बघितल्याशिवाय पॅकिंग करायचं नाही. आजही प्रत्येक बॅच ती चाखते, आणि वर्षातून एक-दोन वेळा माल परत भाजायला लावते. काटा चुकत नाही, पण मिरची दरवर्षी सारखी नसते. ते तिलाच कळतं.

तुमच्याकडे जर सगळं एकाच माणसाच्या हातात असेल तर आधी ते लिहून घ्या. पण लिहून घेताना त्या माणसाला विसरू नका.

२. द चेकलिस्ट मॅनिफेस्टो (विषय: ऑपरेशन थिएटर)

लेखक अतुल गावंडे, अमेरिकेतले सर्जन. वडील मूळचे आपल्या विदर्भातल्या उटी गावचे. पुस्तक २००९ चं.

प्रश्न साधा आहे. एवढे शिकलेले डॉक्टर, मग चुका का होतात? गावंडेंचं म्हणणं असं की ज्ञान कमी नसतं, घाईत एखादी सोपी गोष्ट राहून जाते. त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेबरोबर ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी बनवली. ८ शहरांतल्या ८ हॉस्पिटलमध्ये ती वापरून बघितली, तर ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही. एक कागद!

मी हे वाचलं तेव्हा आमच्याकडे एक प्रकार होऊन गेला होता. मिरची भाजायच्या शेगडीचा गॅस रात्री चालू राहिला. सकाळी शटर उचललं तर वास. देवाची कृपा, कोणी दिवा लावला नव्हता. चूक कोणाची यावर आम्ही अर्धा तास भांडलो. प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्याने बंद केला असेल.

आता शटरच्या आतल्या बाजूला ७ ओळींचा कागद आहे. गॅस, फ्रीज, गल्ला, मागचं दार वगैरे. पण मला पुस्तकातली जी गोष्ट खरी लागली ती वेगळीच. एका हॉस्पिटलने नर्सना अधिकार दिला होता, की डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला थांबवायचं. मी तोच नियम लावला. यादी वाचतो आमचा सगळ्यात लहान पोरगा, आणि त्याने "थांबा" म्हटलं की मालकाने पण थांबायचं. पहिल्या महिन्यात त्याने मला तीन वेळा थांबवलं. राग आला. पण तिन्ही वेळा तो बरोबर होता!

३. एक होता कार्व्हर (विषय: शेती, चरित्र)

वीणा गवाणकरांचं हे पुस्तक बऱ्याच जणांनी शाळेत असताना वाचलेलं असतं. माझं ऐका, धंदा सुरू केल्यावर परत वाचा.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामगिरीत जन्मलेला, पुढे शेतीशास्त्रज्ञ झाला. १८९६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला आला. वर्षानुवर्षं कापूस घेऊन तिथली जमीन थकली होती. त्याने सांगितलं, भुईमूग लावा, जमीन सुधारेल. सल्ला शास्त्राप्रमाणे बरोबर. पण भुईमूग निघाल्यावर प्रश्न आला, एवढा माल घेणार कोण? मग तो प्रयोगशाळेत बसला आणि शेंगदाण्याचे ३०० च्या वर उपयोग शोधले असं सांगितलं जातं. १९२१ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे जाऊन शेंगदाण्याची बाजूही मांडली.

लहानपणी मला त्यातले ३०० उपयोग आवडले होते. आता आवडतं ते हे, की त्याने स्वतःच्या सल्ल्याची जबाबदारी घेतली.

आणि इथे मला माझी चूक सांगायची आहे. ट्रेनर म्हणून माझं पहिलं वर्ष. बॅचमध्ये बचत गटाच्या एक ताई होत्या. मी जोरात सांगितलं, "ताई, नाचणीचे पापड करा, हेल्दीचा जमाना आहे, हातोहात जातील." त्यांनी विश्वास ठेवला. ४० किलो केले. कर्ज काढून. गिऱ्हाईक कोण, हे मी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही नाही. १० किलो मी माझ्या दुकानात ठेवले, ते जायला तीन महिने लागले. बाकीच्यातले बरेच वाया गेले. ताई मला कधी काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या बॅचला आल्याही नाहीत.

तेव्हापासून माझा नियम आहे. विकत घेणाऱ्या १० माणसांची नावं कागदावर लिहून आणल्याशिवाय मी कोणाला "सुरू करा" म्हणत नाही. टाळ्या कमी पडतात, चालेल.

४. माझा प्रवास (विषय: इतिहास, प्रवास)

विष्णुभट गोडसे, पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरात कर्ज. ऐकलं की उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल. काकांना घेऊन निघाले. साल कोणतं? १८५७! वाटेतच बंडाची बातमी. पुढे झाशीला वेढा पडला तेव्हा हे झाशीतच. मिळवलेलं वाटेत पुन्हा पुन्हा लुटलं गेलं. शेवटी घरी पोहोचले ते गंगेची कावड घेऊन. पुस्तक १९०७ मध्ये छापून आलं.

मी हे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वाचलं. मार्चमध्ये हॉटेल आणि केटरिंगवाल्यांच्या भरवशावर वर्षाची ब्याडगी आणि लवंगी उधारीवर भरून ठेवली होती. किरकोळ विक्री चालू होती, पण मोठ्या ऑर्डरी एका रात्रीत बंद. मिरचीची पोती आणि मी, समोरासमोर. तेव्हा हा माणूस जवळचा वाटला. एका मोठ्या यज्ञावर सगळा हिशोब बांधून निघाला आणि त्याच वर्षी जग उलटं झालं.

हिंमत सोडायची नाही हे तर आहेच. पण दुकानदार म्हणून मी दुसरी गोष्ट घेतली. कोणत्याही एका गिऱ्हाइकावर विक्रीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त अवलंबून राहायचं नाही. ती पोती संपायला सव्वा वर्ष लागलं, म्हणून हा नियम मी विसरत नाही.

५. बनगरवाडी (विषय: कादंबरी)

व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ ची. छोटीशी आहे, दोन-तीन रात्रीत होते. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. शाळा आहे पण पोरं नाहीत. तो भाषण देत बसत नाही, आधी लोकांची कामं करतो, त्यांच्यात बसतो. मग हळूहळू पोरं यायला लागतात. नव्या गावात, नव्या एरियात शाखा टाकणाऱ्याने हे वाचावंच. यावर जास्त बोलत नाही, शेवट तुम्ही स्वतः वाचा. चांगलं काम करूनही दुष्काळापुढे माणसाचं किती चालतं, हेही कळू दे.

आता मुद्द्याचं

ही माझी पाच, तुमची वेगळी असतील. तुमचं सलून असेल, गॅरेज असेल, तर तुम्हाला एखादं क्रिकेटवरचं किंवा जंगलावरचं पुस्तक जास्त देऊन जाईल.

आणि पुस्तक दुसऱ्याला सुचवताना काउंटरवरचा नियम लक्षात ठेवा. गिऱ्हाईक आलं की आपण "आमचे टॉप टेन मसाले" म्हणून यादी वाचतो का? आधी विचारतो, "काय करणार आहात? किती माणसं? तिखट चालतं का?" पुस्तकाचंही तसंच. समोरच्याचं सध्या काय अडलंय ते विचारा, मग एकच पुस्तक सांगा, आणि त्याने तुमच्याकडे काय बदललं तेही सांगा. काहीच बदललं नसेल तर "आवडलं म्हणून सांगतो" असं सरळ म्हणा. त्यातही कमीपणा नाही.

त्या मोबाईलवाल्या मित्राला मी टॉप टेन दिली नाही. विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कशाचा?" म्हणाला, "पोरं टिकत नाहीत, सगळं मलाच करावं लागतं." मी घरातून 'रुचिरा' आणून दिलं. पाच मिनिटं माझ्याकडे बघत होता.

या आठवड्याचा होमवर्क: घरात जे पुस्तक तुम्ही कधीच उघडलं नाही ते उघडा. आईचं, आजोबांचं, मुलीचं, कोणाचंही. २० पानं वाचा. आणि तुमच्या दुकानातली एक गोष्ट त्यात सापडते का बघा. सापडली तर खाली नक्की लिहा, पुस्तकाच्या नावासकट.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गल्ला सांभाळा, आणि शटर ओढायच्या आधी गॅस बघा!