उशाशी कोणता स्पीकर ठेवावा?



मराठवाड्यातील आपली कित्येक मुले-मुली शिकवणीसाठी हैदराबादेत, अमीरपेटच्या वसतिगृहांत, राहतात. त्यांच्यापैकी काहींच्या पालकांचा अलीकडे एक प्रश्न येतो: मुलगा रात्रभर ‘सब्लिमिनल’ ध्वनिमुद्रण लावून निजतो, त्याला कोणता स्पीकर घेऊन द्यावा, आणि आवाज किती असावा? पावसाच्या वा वाद्याच्या ध्वनीखाली ‘माझी स्मरणशक्ती वाढत आहे’ अशी वाक्ये कानास कळू नयेत इतक्या मंद स्वरात दडविलेली असतात व ती झोपेत मनात उतरतात, असा ह्या ध्वनिमुद्रणांचा दावा. आमच्या सेमिनरीतही परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उशाखाली ठेवणारे होतेच!

कोठीच्या गुजराती गल्लीत स्पीकरांना तोटा नाही. परंतु मोबाइलवर येणारा ध्वनी बहुधा आकुंचित केलेला असतो, आणि मोठ्या आवाजाखाली झाकलेला बारीक आवाज माणसास ऐकू येणार नाही असे धरून तो गाळणे किंवा ओबडधोबड करणे, हीच त्या आकुंचनाची युक्ती. म्हणजे दडविलेले वाक्य पुष्कळदा स्पीकरपर्यंत धडपणे पोहोचतच नाही. मग महागडा स्पीकर तरी काय वाजविणार? पाऊसच.

आणि पोहोचले तरी काय? अमेरिकेत अँथनी ग्रीनवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ह्याची कसोटी प्रसिद्ध केली. स्मरणशक्तीच्या व आत्मविश्वासाच्या फिती लोकांना महिनाभर ऐकावयास दिल्या. मात्र कित्येक फितींवरील चिठ्ठ्या मुद्दाम बदलल्या होत्या. फितीतील वाक्यांचा काहीच विशेष परिणाम आढळला नाही. तथापि एक तृतीयांशाहून अधिक लोकांस, चिठ्ठीवर जे लिहिले होते तेच आपल्यात सुधारले, असे वाटले.

झोपेत कान अगदीच निरुपयोगी असतो असे नव्हे. श्राइनर व राश ह्या संशोधकांनी २०१५ साली दाखविले की जर्मन भाषकांनी झोपण्यापूर्वी पाठ केलेले डच शब्द निद्रेत हळू ऐकविले असता ते अधिक स्मरणात राहिले. पण पाठांतर जागेपणीच झाले होते, आणि शब्द स्पष्ट होते, दडविलेले नव्हते.

मुलास रस्त्याची वर्दळ झाकण्यापुरता पावसाचा ध्वनी हवा असेल, तर माझी हरकत नाही. त्यासाठी साधा, लहान स्पीकर पुरे. तो कानापासून दूर, खोलीच्या कोपऱ्यात ठेवावा; इअरफोन घालून निजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने शयनगृहातील सतत चालणाऱ्या आवाजासाठी ३० डेसिबेलची मर्यादा सुचविली आहे, म्हणजे साधारण कुजबुजीइतकी. अर्ध्या तासाने आपोआप बंद होईल अशी योजना करावी. फुकटच्या ध्वनिमुद्रणात मध्यरात्री जाहिरात किंचाळते, सबब ते आधी उतरवून घ्यावे. चार्जिंगला लावलेला मोबाइल उशीखाली कदापि नको, तो तापतो. आणि खोलीत आणखी कोणी निजत असेल, तर त्याची संमती प्रथम घ्यावी. त्याचीही परीक्षा त्याच आठवड्यात असते.