केटामाइनची खरी परीक्षा अजून बाकी



जुनाट वेदना आणि नैराश्य या दोन्हींनी एकाच वेळी ग्रासलेल्या अमेरिकी माजी सैनिकांना केटामाइन द्यावे का, याचे उत्तर त्यांच्याच गटावर काटेकोर चाचण्या घेऊन शोधायला हवे. व्हिएतनाम युद्धात जखमींना भूल देण्यासाठी वापरलेले हे औषध नैराश्यावर फार लवकर गुण देते, असे चाचण्यांत दिसले आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 24 तासांनी केटामाइन घेतलेल्या 64 टक्के रुग्णांना ठळक आराम पडला होता. तुलनेसाठी मिडाझोलम दिलेल्यांत हे प्रमाण 28 टक्के होते. पण हा आकडा सैनिकांना जसाच्या तसा लावता येत नाही. 158 सैनिक आणि माजी सैनिकांना चार आठवड्यांत आठ वेळा शिरेतून केटामाइन किंवा प्लॅसिबो देऊन पाहिले, त्याचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. नैराश्य उतरले, पण मानसिक आघातातून जडलेल्या पीटीएसडी या विकारावर प्लॅसिबोपेक्षा अधिक उपयोग सिद्ध झाला नाही. त्यात वेदनेची भर पडली, की गुंता आणखी वाढतो. वेदनेने झोप उडते, झोपेविना मन खचते आणि खचलेल्या मनाला तीच वेदना असह्य होते; शिवाय अनेकांना अफूवर्गीय वेदनाशामके आधीपासून चालू असतात.

अमेरिकेत दरवर्षी सहा हजारांहून अधिक माजी सैनिक आत्महत्या करतात, मग थांबायचे कशासाठी, हा आक्षेप मनाला भिडणारा आहे. मात्र औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठी एस्केटामाइन या केटामाइनच्याच एका रूपाच्या नाकातील फवाऱ्याला 2019 पासून मान्यता आहे. तो देखरेखीखाली देता येतो. जुनाट वेदनेसाठीचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे आणि वारंवार वापराने मूत्राशयाला इजा होण्याचा व व्यसन जडण्याचा धोका आहे. चाचणीत निदान प्रत्येक रुग्णावर लक्ष राहते. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: केटामाइनचा अंमल रुग्णाला लगेच कळतो, त्यामुळे गुण औषधाचा की आशेचा, हे सांगता येत नाही. 2023 च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात 40 रुग्णांना शस्त्रक्रियेच्या भुलीत केटामाइन किंवा सलाइन दिले, तेव्हा दोन्ही गटांचे नैराश्य जवळपास सारखेच कमी झाले. म्हणून तुलनेला मिडाझोलमसारखे अंमल जाणवणारे औषध असावे, आपल्याला काय मिळाले असे वाटते हे प्रत्येकाला विचारावे आणि किमान वर्षभर पाठपुरावा ठेवावा. हा खर्च अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने स्वतः उचलावा आणि निकाल प्रतिकूल आला तरी तो पूर्ण प्रसिद्ध करावा.