नाव गेलं कुठं?

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीच्या अम्मीने शाळेची छापील यादी पाहिली आणि विचारले, "टीचर, माझ्या लेकीच्या नावाच्या जागी ही प्रश्नचिन्हं कसली?" आम्हांला उत्तर देता आले नाही. आम्ही एक्सेलमध्ये मराठी आणि उर्दू नावे नीट टाइप केली होती. ती नव्या डेटाबेसमध्ये घेताना बिघडली. चूक आमचीच होती. मोहल्ल्याच्या वाचनालयाची किंवा बचत गटाची यादी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही हीच अडचण येते, म्हणून सांगतो.

संगणक अक्षरे नव्हे, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे ठरवणाऱ्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. आज सर्वत्र चालणारी पद्धत यूटीएफ-८. लिहिताना एक आणि वाचताना दुसरी पद्धत वापरली की घोटाळा होतो.

आधी बिघाड ओळखावा.

प्रश्नचिन्हे दिसली, तर अक्षरे पुसली गेली आहेत. एक्सेलची यादी साध्या सीएसव्हीत साठवली की असे होते. ती फाइल दुरुस्त होत नाही. मूळ एक्सेल फाइल उघडून 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय निवडून पुन्हा साठवावी. म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नये.

एका अक्षराच्या जागी दोन-तीन विचित्र परदेशी अक्षरे दिसली, तर घाबरू नये. यूटीएफ-८ मध्ये मराठीचे प्रत्येक अक्षर किंवा मात्रा ३ बाइट घेते, उर्दूचे अक्षर २. प्रत्येक बाइट वेगळे अक्षर म्हणून वाचला गेला, इतकेच. तसेच साठवू नये. फाइल पुन्हा आयात करून एन्कोडिंगच्या जागी यूटीएफ-८ निवडावे. मायएसक्यूएल असेल, तर तक्ता आणि जोडणी दोन्हींना 'यूटीएफ८एमबी४' ठेवावे.

फॉन्ट बदलताच मराठीची इंग्रजी अक्षरे झाली, तर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. तो आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा. उर्दूच्या जुन्या इनपेज फाइलींचेही तसेच.

उर्दूत आणखी एक मेख आहे. 'करीम' हे नाव अरबी कळफलकावर आणि उर्दू कळफलकावर टाइप केले, तर दिसायला सारखेच. पण दोन्हींतले काफ आणि ये यांचे आकडे वेगळे. मग शोधले तरी नाव सापडत नाही. यादीभर एकच उर्दू कळफलक वापरावा.

आता आम्ही आधी १० नावेच आयात करून पाहतो. त्यांत एक जोडाक्षराचे आणि एक उर्दू नाव असतेच. ती नीट उतरली की मग सगळी यादी.

त्या अम्मीला नवी यादी दाखवली. त्यांनी लेकीच्या नावावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "आता झालं बरोबर." दाखल्यावर जाणारे मुलाचे नाव ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. ती जशीच्या तशी पोहोचवावी.