कानातली रिकीब आणि उत्सवाचा नाद

मार्गशीर्ष पौर्णिमा आली की शहादे तालुक्यातील सारंगखेड्यास भाविकांची रीघ लागते. एकमुखी दत्तप्रभूंचे दर्शन, तापीचे स्नान आणि घोड्यांचा तो प्रसिद्ध बाजार! देवळातील घंटेचा नाद या साऱ्या गजबजाटावरून तरंगत येतो. दत्तजयंतीच्या या पर्वावर त्या नादाविषयीच चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

नदीत बुडी मारणाऱ्यास एक अनुभव हमखास येतो. काठावरची आरती पाण्याखाली एकदम क्षीण होते; परंतु पाण्यातच कोणी दोन गोटे एकमेकांवर आपटले तर तो टणत्कार अगदी कानाशी झाल्यासारखा वाटतो. वास्तविक नाद हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर, पाण्यात सुमारे 1480 मीटर, तर लोखंडात 5000 मीटरच्या आसपास धावतो. द्रवाचे व घनाचे कण दाबास चटकन उलट उत्तर देतात, म्हणून कंप त्यांतून वेगाने पुढे सरकतो. मग आरती का विरते? कारण हवेतला नाद पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून जवळजवळ सारा परत फिरतो. हजारातला एखादा अंशच आत शिरतो.

आपल्या नैयायिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला आणि तो लाटेमागून लाट उठावी तसा पसरतो, असे 'वीचीतरंग' न्यायाने सांगितले. आजचे विज्ञान नादाला हवा, पाणी वा घन पदार्थाचा आधार लागतो असे म्हणते. निर्वात पोकळीत घंटा मुकीच राहील. तथापि लाटेची ती उपमा आजही समर्पक आहे.

हवेकडून पाण्याकडे जाण्याची ही अवघड वाट परमेश्वराने आपल्या कानात किती कुशलतेने बांधली आहे! बाहेरच्या कानात हवा, मधल्या कानात तीन चिमुकली हाडे आणि आतल्या शंखाकृती नळीत द्रव. हातोडी, ऐरण व रिकीब ही त्या हाडांची नावे. घोडेबाजारात खोगिराला लोंबणारी रिकीब आपण पाहतो. तिच्याच आकाराचे, जेमतेम तीन मिलिमीटरचे हे हाड शरीरातील सर्वांत लहान होय. पडद्यावरचा दाब ही हाडे सुमारे वीस पट करून द्रवाला देतात, म्हणूनच कीर्तन आपल्या अंतःकरणापर्यंत पोचते. आतल्या द्रवात हजारो सूक्ष्म केसपेशी तो नाद टिपतात. अतिगोंगाटाने त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

आणि आज उत्सवात आपण काय करतो? भिंतीएवढे कर्णे रचून रात्र रात्र दणदणाट! भिंत उंच स्वर बऱ्यापैकी अडवते, पण ढोलाचा खर्ज तिला फारसा जुमानत नाही. भिंतच थरथरते आणि पलीकडच्या आजाऱ्याच्या खाटेपर्यंत तो पोचतो. गर्भजलातील बाळालाही तो चुकत नाही. सुभद्रेच्या उदरी अभिमन्यूने चक्रव्यूहाची विद्या ऐकली, ही कथा आपण मुलांना भक्तिभावाने सांगतो. मग आजच्या अभिमन्यूच्या कानी आपण काय घालतो?

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत निवासी भागासाठी 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. वर्षातील मोजक्या सणांच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, पण ती कितीही मोठ्या आवाजाची मुभा नव्हे. दर 10 डेसिबलला नादाची तीव्रता दहापट होते. म्हणजे 75 डेसिबल हा 45च्या हजारपट ठरतो. कोणी म्हणेल, वर्षाचा सण आहे, एवढे चालायचेच. आम्हांस हे मान्य नाही. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. नको असलेला नाद शेजाऱ्याला मिटून घेता येत नाही.

म्हणून उत्सव मंडळांना आमची विनंती अशी : कर्ण्यांची तोंडे घरांकडून मंडपाकडे वळवा, खर्ज उतरवा, रुग्णालयापासून शंभर मीटरच्या आत ते मुळीच लावू नका आणि वेळ संपताच बंद करा. आरती टाळ, मृदंग व घंटेवरच होऊ द्या. दत्तप्रभूंना ती ऐकू जाण्यासाठी विजेची गरज नाही. ही सद्बुद्धी आपणां सर्वांस होवो, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.