मुखवटा कुणाचा, प्रोजेक्टर कुणाचा?

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात बोहाडा पाहिलेल्या माणसाला ‘इमर्सिव्ह’ कला म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. रात्र, मशालींचा उजेड, संबळाचा ठेका आणि जड मुखवटे बांधून नाचत येणारी सोंगं. सोंग अंगावर आलं की बघणारा मागे सरकतो, पुन्हा पुढे येतो. तोही खेळाचाच भाग होतो.

शहरात हा अनुभव आता यंत्रांनी उभा केला जातो. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये व्हॅन गॉगची चित्रं प्रोजेक्टरने भिंतींवर पसरली होती. ‘इंटरॅक्टिव्ह’ काम याच्याही पुढे जातं. सेन्सर माणसाची हालचाल टिपतो आणि संगणक त्यानुसार चित्र किंवा आवाज बदलतो.

हे तंत्र नाशिक-मालेगावच्या मुलामुलींना परकं नाही. डिप्लोमाला आर्डुइनोवर प्रोजेक्ट करणारे, लग्नात एलईडी वॉल लावणारे, साऊंड सांभाळणारे आपल्या मोहल्ल्यांत कितीतरी आहेत. पण त्यांना बहुधा ‘टेक्निशियन’ म्हणून बोलावलं जातं आणि कामाच्या फलकावर त्यांचं नाव नसतं. हे आम्हाला मान्य नाही.

वेगळा रस्ता दाखवणारं एक उदाहरण मुंबईतच आहे. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये नेहरू फेलोशिपच्या पैशातून ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकार, सिनेमावाले, छायाचित्रकार, अ‍ॅनिमेशन जाणणारे तिथे एकत्र आले. तरुण नलिनी मलानींच्या हाती कॅमेरा आला तो तिथेच. पदमसींचा ‘सिझिजी’ हा रेषांचा अ‍ॅनिमेशनपट राम मोहन यांच्या साथीने झाला. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या दुसऱ्या फिल्मची मात्र एकच प्रत होती आणि ती गहाळ झाली. पुढे आशिम अहलुवालिया यांनी म्हाताऱ्या पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला.

प्रत कुणाकडे राहते, हा प्रश्न पेठमध्ये आणखी टोकदार आहे. उद्या कुणी बोहाड्याचे मुखवटे थ्रीडी स्कॅन करून नेले आणि मॉलमधल्या अंधाऱ्या खोलीत तिकीट लावून नाचवले, तर मुखवटा घडवणाऱ्याला, नाचणाऱ्याला, संबळ वाजवणाऱ्याला काय मिळणार? तिथे लॅपटॉप चालवणारी मुलं कदाचित आपलीच असतील. फलकावर नाव नाही ही आपली तक्रार, आणि तेच आपल्या हातून दुसऱ्याच्या वाट्याला जाईल.

म्हणून बोलणी आधी, केबल नंतर. स्कॅन करायचं की नाही ते गाव ठरवेल. फाइलींची एक प्रत गावातच राहील. नावं आणि तिकिटातला वाटा लेखी असेल. अमुक मुखवटा जत्रेबाहेर न्यायचा नाही असं गावाने म्हटलं, तर विषय तिथेच संपतो.

देवांची सोंगं आहेत, आपण त्यात कशाला, असं काही घरांतून विचारलं जाईल. प्रश्न प्रामाणिक आहे. ज्याचं मन घेत नाही त्याने करू नये. बाकी जत्रांचे मांडव, जनरेटर, लायटिंग यांत आपलेही हात राबत आलेच आहेत.

ज्यांना जायचं आहे त्यांनी येत्या बोहाड्याला लॅपटॉप घरी ठेवून जावं. रात्रभर संबळवाल्याशेजारी बसावं, आणि सकाळी मुखवटे कुणाच्या घरी परत जातात तेवढं पाहून यावं.