माइकवाल्याला कोण विचारणार?

मागच्या चैत्रात पनवेलजवळच्या एका गावात जत्रेला गेले होते. मावसबहिणीचं सासर तिथलं, दारात पालखी येणार, म्हणजे नाही म्हणायची सोयच नव्हती. संध्याकाळी आम्ही पाच-सहा जणी पाळण्यांकडे निघालो. मौत का कुआँच्या मचाणावर एक माइकवाला उभा होता. बहिणीची दहावीतली पोर जरा पुढे गेली, तर वरून आवाज, ‘ए पिवळ्या ड्रेसवाली, कुठे चाललीस? ये ना वर, बसवतो गाडीवर!’ पुढचं वाक्य इथे छापता येणार नाही. शे-दोनशे माणसं हसली. आणि आम्ही बायकांनी काय केलं? ‘चल गं, लक्ष नको देऊस,’ म्हणत तिलाच तिथून हलवलं. रात्री झोपताना ती म्हणाली, ‘मावशी, मी काय केलं होतं गं?’

मैत्रिणींनो, चावट बोलण्याचं मला वावडं नाही. आपण बायका तरी कुठे एवढ्या सोवळ्या? हळदीच्या रात्री विहिणीच्या नावाने जी गाणी रंगतात, ती ऐकून भले भले पुरुष अंगणातून उठून जातात. पण तिथे समोरची विहीणही पदर खोचून तयार असते. एक ऐकते, दोन ऐकवते.

तमाशातही तसंच. गण झाला की गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात. खरं सांगायचं तर ही छेडच! पण गवळणींबरोबर मावशी असते. पेंद्याने एक टोमणा मारला की ती सव्याज परत करते आणि टाळ्या तिलाच पडतात. (ही मावशी बहुतेक वेळा पुरुषच रंगवतो, हा भाग वेगळा.) पुढे बतावणीत सोंगाड्याची जीभ सुटते ती पाटलावर, सावकारावर, पुढाऱ्यावर. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके हवालदार व्हायचे आणि राज्यकर्त्यांची बिनधास्त खिल्ली उडवायचे. सोंगाड्याला जीभ मोकळी सोडायची मुभा गावाने दिली ती यासाठी. माइकवाल्याने तीच मुभा उचलली आणि एका शाळकरी पोरीवर वापरली. तिच्या हातात माइक नाही. त्या दिवशी आमच्यात मावशा तीन होत्या, आणि तिघीही गप्प.

आता कुणी म्हणेल, बंदच करा ही थेरं. नको बाई! ‘बंद करा’ म्हटलं की काय होतं ते पनवेलकरांना ठाऊक आहे. इथल्या डान्सबारचा प्रश्न विधानसभेत गाजला आणि २००५ मध्ये राज्यभर डान्सबारवर बंदी आली. रोजगार गेला तो नाचणाऱ्या बायकांचा. पैसे उधळणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली, तोवर आठ वर्षं गेली होती. जत्रेतही तक्रार झाली की आधी लावणीवालीचा कार्यक्रम रद्द होईल, आणि आपल्या मुलींना ‘जत्रेत जायचं नाही’ म्हणून घरात बसवलं जाईल. माइकवाला पुढच्या गावी निघून जाईल.

त्यालाच विचारायला हवं. जागा देताना, भाडं घेताना कमिटीने बजावावं, की माइकवर बाईमाणसाला उद्देशून एक शब्द आला तर खेळ बंद, अनामत जप्त. लाउडस्पीकरला पोलिसांची परवानगी लागतेच, म्हणजे तक्रार कुठे करायची तेही ठरलेलं आहे. शब्दाने किंवा हावभावाने बाईचा अपमान करणं हा गुन्हा आहे. जुन्या कायद्यात कलम ५०९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ७९ झालं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि ११२ हा नंबर जत्रेतूनही लागतो.

बहिणीच्या सासूबाई सत्तरीच्या. पुढच्या जत्रेच्या बैठकीला त्या न बोलावता जाऊन बसल्या. ‘त्या माइकवाल्याला या वर्षी बोलवा, पण त्याच्या शेजारी मचाणावर मला खुर्ची टाका. मलाही दोन शब्द बोलायचेत,’ म्हणाल्या. कमिटीतले बाप्ये एकमेकांकडे बघत राहिले. खुर्चीचं अजून ठरलेलं नाही. अनामतीचं मात्र वहीत लिहून घेतलंय.