रिठ्याने तेल्या का जात नाही?

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा. डाळिंब कुठलंही असो, पावसाळा आला की एक सल्ला हमखास कानावर येतो: रिठ्याचं पाणी फवारा, तेल्या जाईल. माझं मत स्पष्ट सांगतो. रिठा कामाचा आहे, पण या कामाचा नाही.

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं. त्याच्या रेणूची एक बाजू तेलाकडे ओढते, दुसरी पाण्याकडे. फेस होतो तो त्यामुळं. आता पेशीकडं बघा. प्रत्येक जिवंत पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचा पातळ पडदा असतो. आत काय घ्यायचं, बाहेर काय सोडायचं, ते हा पडदा ठरवतो. त्यात कोलेस्टेरॉलसारखं स्टेरॉल असलं की सॅपोनिन त्याला जाऊन चिकटतं, पडद्याला भोकं पडतात आणि आतला ऐवज गळतो. रक्ताच्या तांबड्या पेशी सॅपोनिननं फुटतात त्या अशाच.

तेल्या मात्र बुरशीचा रोग नाही, झॅन्थोमोनास जिवाणूचा आहे. बहुतेक जिवाणूंच्या पडद्यात स्टेरॉल नसतंच. या जिवाणूला तर बाहेरून आणखी एक पडदा असतो. मग सॅपोनिननं धरायचं कशाला?

रिठ्याच्या भरवशावर आठ दिवस काढले, तर तेवढ्यात पावसाच्या थेंबांबरोबर रोग शेजारच्या झाडावर जातो. त्यापेक्षा रोगट फळं-फांद्या काढून बागेबाहेर जाळा, कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा, छाटणीनंतर 1 टक्का बोर्डो मारा. बागेत तेल्या असेल तर मृग सोडून हस्त बहार धरायचा विचार करा. शंका असेल तर केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथं विचारा.

रिठा वापरा, पण द्रावण पानावर नीट पसरावं म्हणून. पिठ्या ढेकणाच्या मेणचट थरावर नुसतं पाणी घसरतं, तिथं फेसाचा उपयोग होतो. पण पानाच्या पेशीतही स्टेरॉल असतं, जास्त कडक द्रावणानं पान करपू शकतं. आधी दोन-चार झाडांवर मारून बघा. आणि पंप धुतलेलं पाणी शेततळ्यात सोडू नका; सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर घाव घालतं.

तेल्यावर कुणी रिठा सुचवला तर एवढंच विचारा: त्या जिवाणूच्या पडद्यात स्टेरॉल आहे का?